परसातलं बियाणं

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे, उलटेपर्यंत टोमॅटोचं रोप बाहेर लावायचं नाही, असा जुन्या माणसांचा दंडक आहे. एप्रिलमध्ये चार दिवस असं लख्ख ऊन पडतं की हात शिवशिवायला लागतात. नवखे लोक त्या उन्हाला भुलून दुकानातून रोपं आणतात, मग एका रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सकाळी ती रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी वाफ्यात लोळलेली दिसतात. इथली मुरलेली माणसं मार्चमध्ये तळघरात दिव्याखाली बी रुजवतात, रोपं हळूहळू वाऱ्याला सरावावीत म्हणून दिवसा ओसरीवर आणि रात्री घरात अशी त्यांची ने-आण करतात, आणि थांबतात. सप्टेंबर सरताना किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवून रोपं मारणारी थंडी, येतो. या दोन टोकांच्या मध्ये जे साडेचार-पाच महिने हाती लागतात, त्यात बागेचा सगळा संसार उरकायचा असतो.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. लग्नानंतर इकडे आले ती एका मोठ्या शहरात, आणि पुढे नवऱ्याच्या नोकरीने आम्हाला विनेशिक काउंटीत आणून सोडलं. काउंटी म्हणजे इथला जिल्हा. डेकोरा हे काउंटीचं मुख्य गाव. तिथून थोडं बाहेर, मक्याच्या शेतांच्या कडेला आमचं घर आहे. घराला मोठं परस आहे. इथे येईपर्यंत अमेरिका म्हणजे माझ्यासाठी हमरस्ते, मॉल आणि आठवडाभर गोठवून ठेवलेल्या पोळ्या एवढीच होती. हा देश मला खऱ्या अर्थाने कळायला लागला तो या परसात.

विमानातून आयोवा पाहिलंत तर खाली आखीव चौकोन दिसतात. १७८५ च्या एका कायद्याने ही जमीन मैल बाय मैल अशा तुकड्यांत मोजली गेली. एक तुकडा, म्हणजे एक सेक्शन, ६४० एकरांचा. त्याचा चतकोर १६० एकर, आणि एके काळी एका कुटुंबाने कसायची जमीन म्हटली की हाच चतकोर लोकांच्या डोळ्यांसमोर असायचा. रस्ते त्याच रेषांवरून सरळ धावतात. पण आमचा कोपरा त्या चौकटीत नीट बसत नाही. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या भागाला सपाट न करता बाजूने गेल्या, त्यामुळे इथे टेकड्या आहेत, चुनखडीचे कडे आहेत, कपारीतून फुटणारे थंडगार झरे आहेत, आणि रस्त्यांना वळणं घ्यावी लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला हे बरं वाटतं. नजरेला अडायला काही तरी हवंच असतं.

माती काळी आहे, पण आपल्यासारखी नाही. आपली काळी कातळातून झिजून आली, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथली काळी गवतानं घडवली. पुरुषभर उंचीचं गवत, त्याखाली दहा-बारा फूट खोल गेलेली मुळं, ती हजारो वर्षं कुजत राहिली आणि त्यातून ही लोण्यासारखी जमीन झाली. त्या गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात. १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला. त्याआधीच्या नांगरांना ही चिकट माती लगडायची, शेतकऱ्याला पावलोपावली थांबून ती खरवडावी लागायची. पोलादावरून ती घसरायला लागली आणि साधारण एका आयुष्याच्या अवधीत आयोवातली जवळजवळ सगळी प्रेअरी उलथून झाली. आज मूळच्या प्रेअरीतला हजारातला एक भागसुद्धा उरलेला नाही.

उरलेल्यातला एक तुकडा शेजारच्या हॉवर्ड काउंटीत आहे, हेडन प्रेअरी. २४० एकर. एडा हेडन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आयोवाभर फिरून अशा तुकड्यांच्या नोंदी केल्या आणि ते वाचावेत म्हणून सरकारच्या मागे लागल्या. १९४५ मध्ये हा तुकडा राज्याने विकत घेतला आणि पुढे त्याला त्यांचं नाव दिलं. जूनमध्ये तिथे जावं. पहिल्यांदा वाटतं नुसतं गवत आहे, आणि मग गुडघे टेकून खाली पाहिलं की एका हाताच्या अंतरात इतक्या तऱ्हेची पानं, फुलं, किडे दिसतात की मोजणं सोडून द्यावं लागतं. कुंपणापलीकडे सोयाबीनच्या ओळी क्षितिजापर्यंत गेलेल्या. एकच पान, एकच उंची. ते पाहून मला दर वेळी वाईट वाटतं, आणि हे वाटणं मी इथल्या शेतकरी शेजाऱ्यांपासून लपवत नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनाही तसंच वाटतं. मक्याला आणि सोयाबीनलाच बाजार आहे, कर्ज त्यावरच मिळतं, यंत्रं त्यासाठीच बनतात. एवढा मका पिकतो, आणि त्यातला बहुतेक गाड्यांच्या इंधनात आणि डुकरांच्या, गुरांच्या खाण्यात जातो. १९३० च्या दशकात आयोवात दोन लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबं शेती कसत होती. २०२२ च्या शेतीगणनेत शेतांची संख्या ८७ हजारांच्या आसपास आली. प्रत्येक कमी झालेल्या शेतामागे एक घर पडलं, एक परस गेलं, आणि परसाबरोबर काय काय गेलं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

माझ्या परसाच्या कडेला मी मिल्कवीड वाढू दिलं आहे. चीक निघणारं झाड, शेतकऱ्यांना नकोसं. मोनार्क फुलपाखरं मात्र फक्त त्याच्यावरच अंडी घालतात. शेंग फुटली की आतून रेशमी म्हाताऱ्या उडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "ही तर आपली रुईच की गं." खरंच, दोन्ही एकाच कुळातली. आपल्याकडे रुईवर जे नारिंगी फुलपाखरू येतं ते मोनार्कचं सख्खं भावंड. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्या घरातली मी, इथे परसात रुईची बहीण राखते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

शेजारच्या घरात एक आजी राहतात. नव्वदीकडे झुकल्या आहेत. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. तोंडाने मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे नुसतं नाव घेते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते घेताना जीभ जराशी अडखळते. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून आले. या भागात बहुतेकांची गोष्ट तीच. डेकोरात वेस्टरहाइम नावाचं संग्रहालय आहे, त्याची सुरुवात १८७७ मध्ये झाली. तिथे बोटीतून आलेल्या माणसांच्या लाकडी पेट्या मांडलेल्या आहेत, झाकणावर वेलबुट्टी आणि मालकाचं नाव रंगवलेलं. एका कुटुंबाचा सगळा जुना देश एका पेटीत. जुलैच्या अखेरीला गावात नॉर्डिक फेस्ट भरतो, १९६७ पासून. झेंडे लागतात, मुली लाल बंड्या घालून नाचतात, आणि चर्चच्या तळघरात बायका लेफ्सा लाटतात. उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी असते ती. खाचांच्या लाटण्याने लाटायची, लांब चपट्या काठीने उचलून तव्यावर टाकायची. माझी पोळी एकसारखी पातळ लाटली जाते हे कळल्यापासून मला हक्काने लाटायला बसवतात. पीठ मळताना चाललेल्या गप्पा, कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाची गाय आटली, या मी जुन्नरला ऐकलेल्याच आहेत.

पण आजींचा खरा वारसा संग्रहालयात नाही. तो त्यांच्या परसात आहे. कुंपणालगत ऱ्हुबार्बचे गड्डे आहेत. लाल देठांची आंबट भाजी, पण इथे तिचं गोड करतात. तो गड्डा त्यांच्या सासूने लग्नात दिला, सासूला तिच्या सासूने दिला होता. दर काही वर्षांनी कुदळीने गड्डा फोडायचा, अर्धा ठेवायचा, अर्धा कुणाला तरी द्यायचा. माझ्या अंगणातला त्याच घराण्यातला. पिओनीची झुडपंही तशीच. मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुमारास ती फुलतात, तेव्हा कॉफीच्या रिकाम्या डब्यांत फुलं घालून सगळे दफनभूमीत जातात. आजी नवऱ्याच्या थडग्यावर ज्या झुडपाची फुलं ठेवतात ते त्यांच्या आजीचं आहे. तळघरात फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. बीट, काकडीचं शेपू घातलेलं लोणचं, टोमॅटो, आणि अगदी कोपऱ्यात लहान बरण्यांत बी. घेवडा, वाटाणा, शेपू, झेंडू. झाकणावर पेन्सिलने साल आणि दिलेल्या माणसाचं नाव. दुकानातलं पाकीट दोन डॉलरला मिळत असताना हा खटाटोप का, असं मी कधी विचारलं नाही. माझी आजी घेवड्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. माझ्यासाठी हे काही नवीन नव्हतं.

जुन्या बियाण्याची गोष्ट सांगायची तर ती आमच्याच भागात घडली आहे. दक्षिणेला फेएट काउंटीत सेंट लुकास नावाचं चिमुकलं जर्मन वस्तीचं गाव आहे. तिथे बॅप्टिस्ट जॉन ऑट नावाचे आजोबा राहायचे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातून आले, येताना एका गुलाबी टोमॅटोचं आणि एका जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीचं बी घेऊन आले. हा वेल आपल्या गारवेलाच्या जातीचा. फूल गडद जांभळं, आत लाल चांदणी. आजोबा थकले तेव्हा त्यांनी हे बी नात डायान आणि नातजावई केंट व्हेली यांच्या हाती दिलं. आजोबा गेले. दोघांच्या लक्षात आलं की हे बी आता फक्त आपल्याकडे आहे, आपण पेरलं नाही तर संपलं. १९७५ मध्ये त्यांनी आपल्यासारखी माणसं शोधायला सुरुवात केली, पत्रं लिहिली, बियाण्याची देवाणघेवाण सुरू केली. तेच पुढे सीड सेव्हर्स एक्स्चेंज झालं. १९८० च्या दशकात ते डेकोराजवळ हेरिटेज फार्म नावाच्या शेतावर आलं. आज तिथे वीस हजारांहून अधिक वाणांचा साठा आहे, आणि नॉर्वेच्या उत्तरेला बर्फातल्या स्वालबार्डच्या बीजकोशात त्यांच्या पेट्या ठेवलेल्या आहेत. नॉर्वेतून आलेल्यांच्या गावातून बी पुन्हा नॉर्वेला गेलं.

हेरिटेज फार्मच्या लाल कोठारावर ऑट आजोबांचा वेल चढवलेला असतो. ऑगस्टमध्ये सकाळी लवकर जायचं, दुपारपर्यंत फुलं मिटतात. तिथे मून अँड स्टार्स नावाचं कलिंगड असतं. गडद हिरव्या सालीवर पिवळे ठिपके, त्यात एखादा मोठा गोल. पानांवरसुद्धा चांदण्या. हे वाण नाहीसं झालं असं सगळे धरून चालले होते, मग १९८० च्या सुमारास मिझुरीतल्या एका शेतकऱ्याच्या परसात ते सापडलं. तो दर वर्षी लावत होता, एवढंच.

तिथली कामाची पद्धत पाहून मी थक्क झाले. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, त्याची फारशी काळजी नाही. बी गरासकट पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचं, वरचा बुळबुळीत पापुद्रा सुटला की धुऊन वाळवायचं. पण भोपळ्याचं तसं नाही. एका मधमाशीने लाल भोपळ्याचा पराग पलीकडच्या वाणावर नेला की पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधून त्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद करायची. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलाची पट्टी सोडून त्यात पराग फिरवायचा, परत तोंड बंद करायचं, आणि देठाला फीत बांधून खूण करायची. मका तर वाऱ्यावर फळतो. चोहोबाजूंनी शेतांचा मका असताना जुना मका शुद्ध राखायचा म्हणजे तुरे आणि कणसं पिशव्यांत झाकत बसायचं. शिवाय चार ताटांचं बी घेऊन भागत नाही. वाण दमदार राहायचा तर शे-दोनशे ताटं लागतात. आपण वारसा म्हणतो तेव्हा कपाटात जपलेलं काही तरी डोळ्यांपुढे येतं. बी कपाटात मरतं. शीतगृहात त्याचं आयुष्य वाढतं, पण कधी तरी ते मातीत घालावंच लागतं, आणि त्या वर्षी कुणाला तरी संध्याकाळी कळ्या शोधत फिरावं लागतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते. हेरिटेज फार्मपासून तासाभराच्या आत, हॉवर्ड काउंटीत, एका नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या घरात १९१४ मध्ये नॉर्मन बोरलॉग जन्मले. १०६ एकरांची शेती, गायी, डुकरं, एका खोलीची शाळा. ते घर आणि ती शाळा आज पाहायला मिळते. आत छोटे बाक, मध्ये शेगडी. या शाळेतला मुलगा पुढे मेक्सिकोत गेला, तिथे बुटक्या गव्हाची वाणं तयार केली, आणि १९६० च्या दशकात ती भारतात आली. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं. पुढची हरितक्रांती आपल्याला पाठ आहे. बोरलॉगना १९७० मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

माझ्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिची भाकरी कशी थापताच यायची नाही, हे ती आजही सांगते. इकडच्या पठारांवर गुरांना घालण्यासाठी पिकवलेलं ते धान्य होतं. त्यानंतर सुधारित गहू, हायब्रीड ज्वारी आली आणि घरात पोटभर अन्न आलं. ज्या गावच्या मुलाने ते शक्य केलं, त्याच्या घरासमोर मी उभी राहते तेव्हा हात आपोआप जोडले जातात. आणि त्याच वेळी हेही ठाऊक असतं की नव्या बियाण्यापाठोपाठ आमच्या शिवारातले जुने शाळू, जुने गहू, आजीच्या मडक्यातले घेवडे मागे पडत गेले. शेजारशेजारच्या दोन काउंट्या. एकीने उपाशी माणसाला जेवू घातलं, दुसरीने ताटातून काय निसटलं ते वेचून ठेवलं. यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं म्हणणारे दोन्हीकडे भेटतात. मला ते पटत नाही. पोट भरलेलं असतं तेव्हाच माणसाला जुन्या वालाची चव आठवते, हे खरं आहे. आणि नवं वाण घडवायला पैदासकाराला शेवटी जुनंच बी लागतं, हेही तेवढंच खरं. बोरलॉगच्या गव्हाचा बुटकेपणा एका जुन्या जपानी वाणातून आलेला होता. कुणी तरी तो टिकवला होता म्हणून मिळाला.

या साखळीत आणखी एक माणूस आहे, आणि मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. त्यांचं चरित्र शाळेच्या वयात हाती न पडलेला मराठी वाचक विरळा. तेही आयोवात घडले, हे मात्र इथे आल्यावर माझ्या मनात नीट ठसलं. १८९० मध्ये ते इंडियनोलाच्या सिम्प्सन कॉलेजात चित्रकला शिकायला गेले. त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची झाडांवरची माया ओळखली आणि त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयाकडे वळवलं. १८९४ ची पदवी, १८९६ ची पदव्युत्तर पदवी. एम्सला असताना ते एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला रानात हिंडायला न्यायचे, गवतं ओळखायला शिकवायचे. तो मुलगा हेन्री वॉलेस. मोठेपणी त्याने १९२६ मध्ये संकरित मक्याची कंपनी काढली, आणि तेव्हापासून शेतकऱ्याला दर वर्षी नवं बी विकत घ्यायची सवय लागली. पुढे तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. १९४० मध्ये मेक्सिकोत जाऊन तिथल्या शेतीची दशा पाहून आल्यावर त्याने जो आग्रह धरला, त्यातूनच बोरलॉग पुढे ज्या प्रकल्पावर गेले तो उभा राहिला. गुलामगिरीत जन्मलेल्या एका माणसाने एका पोराला रानात फिरवलं, त्याचे धागे माझ्या आईच्या ताटापर्यंत येतात. एम्सच्या त्या आवारात चालताना माझे डोळे भरून आले होते.

आणि या सगळ्यांच्या आधीचे लोक. विनेशिक हे हो-चंक लोकांच्या एका प्रमुखाचं नाव. डेकोरा हे वॉकॉन डेकोरा या दुसऱ्या हो-चंक नेत्याचं. ज्या गावात नॉर्वेचे झेंडे लागतात, त्याचं नाव ज्यांना इथून काढून दिलं त्यांचं आहे. या लोकांना विस्कॉन्सिनमधून इथे हलवलं, ते ठरवलेल्या हद्दीत राहावेत म्हणून १८४० मध्ये फोर्ट ॲटकिन्सन बांधला, आणि १८४८ मध्ये त्यांना पुन्हा उठवून मिनेसोटात नेलं. नॉर्वेजियन वसाहत त्यानंतर लगेचच सुरू झाली. मिसिसिपीच्या काठावर एफिजी माउंड्स आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वी मातीचे भराव घालून केलेले अस्वलांचे, पक्ष्यांचे आकार. एक अस्वल १३७ फूट लांब. जमिनीवर उभं राहून आकार समजतही नाही. गवत कापून कडा मोकळ्या ठेवल्या आहेत म्हणून अंदाज येतो. मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावायची रीत या खंडातल्या मूळ लोकांची. मक्यावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. टामा काउंटीत मेस्क्वाकी लोकांनी १८५७ मध्ये स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली, आपलीच जमीन, आणि ते परत आले. आजही तिथे जुना मका, जुना घेवडा पेरतात. वारसा म्हणताना इथली माणसं पणजोबांच्या पेटीपाशी थांबतात. लेफ्साच्या टेबलावर मी हा विषय काढते. काही जणी गप्प होतात, काही जणी ऐकतात. आजी एकदा म्हणाल्या की शाळेत त्यांना यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

माझ्या परसात आता काय काय येतं? भेंडी उत्तम येते, जुलैचा दमट उकाडा तिला मानवतो. मेथी हवी तेवढी. कोथिंबीर जूनमध्येच तुऱ्यावर येते, म्हणून ती ऑगस्टमध्ये पुन्हा टाकावी लागते. दुधीची रोपं घरात करून लावली तर फळं धरतात. अडला तो वाल. जुन्नरच्या आमच्या परसात मांडवावर असायचा तो जांभळट काठाच्या शेंगांचा वाल. आईकडून त्याचं बी मागवलं, रीतसर परवाना काढून, पाकिटावर शास्त्रीय नाव लिहून. वेल इथे झपाटल्यासारखा वाढला. ऑगस्ट संपत आला तरी फूल नाही. कारण कळलं तेव्हा मी त्या वेलाकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. आपले जुने वाल दिवस लहान व्हायची वाट पाहतात. जुन्नरला दिवस लहान होतात तेव्हा हवा नुकती कुठे सुखाची झालेली असते. आयोवा उत्तरेला, इथे उन्हाळ्यात पंधरा तास उजेड. वेलाला वाटतं अजून अवकाश आहे. दिवस लहान होऊन तो फुलतो, शेंगा धरतो, आणि तेवढ्यात फ्रॉस्ट येतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम मी मनात धरून असते. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे कितीतरी गावरान वाण जमवले, बायकांचे गट करून ते गावोगाव पेरते ठेवले. त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्नरहून अकोले दूर नाही. आईने पाठवलेलं बीसुद्धा अशाच एका बाईकडून आलेलं होतं, तिच्या माहेरच्या मांडवावरचं. ते इथे नुसतं शोभेचा वेल होऊन राहावं हे मला मान्य नव्हतं.

आजींना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर फ्रॉस्टशी झुंज घेतलेली. त्या म्हणाल्या, सगळ्यात आधी फुललेला वेल कोणता ते बघ, त्याला फीत बांध, बाकीच्यांचा नाद सोड. मार्चमध्ये कुंड्यांत रोपं केली, भिंतीच्या दक्षिण अंगाला लावली. एका वेलाला इतरांच्या आधी फुलं आली. सप्टेंबरअखेर रेडिओवर फ्रॉस्टचा इशारा आला, त्या संध्याकाळी आजी काठी टेकत आल्या, मागून त्यांचा नातू जुन्या चादरींचा गठ्ठा घेऊन. आम्ही तिघांनी मांडवावर चादरी टाकल्या, कडा विटांनी दाबल्या. तशा काही रात्री काढल्या. मग एके दिवशी पारा फार खाली जाणार असं कळलं, तेव्हा आजींनीच सांगितलं की वेल मुळासकट उपट आणि गराजमध्ये उलटा टांग, शेंगेत जेवढा जीव आहे तेवढा बीमध्ये उतरेल. उतरला. सगळ्या शेंगांत नाही. काहींचं बी सुरकुतलेलं, पोचट निघालं. पण मूठभर टणक, तपकिरी, पांढऱ्या चोचीचं बी हाती लागलं.

मी ते एका बरणीत भरत होते. आजींनी थांबवलं. बी कधी एका घरात ठेवायचं नाही, म्हणाल्या. एकीकडे आग लागते, उंदीर लागतात, माणूस आजारी पडतं. त्यांनी स्वतःच दोन वाटे केले, आपला वाटा लहान बरणीत घातला आणि झाकणावर लिहायला पेन्सिल काढली. नाव विचारलं. मी वाल म्हणाले, अक्षरं सांगितली. साल लिहिलं. दिलेल्या माणसाच्या जागी माझं नाव लिहायला लागल्या, तेव्हा मी आईचं लिहा म्हणाले. त्यावर त्यांनी विचारलं की तिला कुणी दिलं, आणि तिला. मला एका घराच्या पुढचं सांगता येईना. आजी म्हणाल्या, मग आज रात्री फोन लाव आणि विचार, झाकणावर जागा आहे.